दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून गेला

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

वय ४७. गेली २३ वर्षं एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. घरी नवरा, दोन मुली आणि सासूबाई. सासूबाईंना अडीच वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. उजवी बाजू गेली आहे, बोलणं नीट कळत नाही. मोठे दीर पुण्याला असतात, ते नाताळात केक आणि साडी घेऊन येतात. "ड्युटीवर आठ तास पेशंट, घरी आले की परत पेशंट," असं ताई लिहितात. अडीच वर्षांत सासूबाईंना एकही बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ दिलेला नाही. याच सासूबाईंनी लग्नानंतरची पहिली वर्षं नकोशी केली होती. दुसरीही मुलगीच झाली म्हणून त्या दवाखान्यात फिरकल्यासुद्धा नाहीत. "त्या रात्री माझ्या उशाशी कोणी नव्हतं. वॉर्डातल्या मावशींनी स्वतःच्या पैशांनी चहा आणून दिला." ती मुलगी आज २२ वर्षांची आहे.

आता सासूबाई "डायपर बदलला की पाच मिनिटांत मुद्दाम ओला करतात, आणि मी चादर ओढत असते तेव्हा हसतात." गेल्या महिन्यात रात्री अडीच वाजता असंच झालं आणि ताईंनी त्यांचा हात जोरात हिसकला. सकाळी मनगटावर निळा वळ होता. नवऱ्याला सांगितलं, खाटेच्या कठड्याला लागलं असेल. त्याच रविवारी उपासनेत कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या 'करुणायुक्त हृदय धारण करा' या वचनावर संदेश होता. "मला बाकावर बसवेना." नवऱ्याचं म्हणणं, आई आहे, सहन कर, प्रत्येकाला आपला वधस्तंभ वाहावाच लागतो. ताईंचा प्रश्न असा: "रोज गुडघे टेकून दयाळू मन मागते, मिळत नाही. हल्ली वॉर्डातही कोणाचं काही वाटत नाही. माझा विश्वास खोटा आहे का? सासूबाईंना कुठेतरी ठेवावं असं मनात येतं, ते पाप आहे का? शास्त्राप्रमाणे दयाळू स्वभाव बनवायचा तरी कसा?"

प्रिय ताई,

सलाम.

आधी त्या वळाबद्दल बोलू. पत्रात तुम्ही तो तीन वाक्यांत उरकला आहे, पण अख्खं पत्र त्याच्याच भोवती फिरतंय.

"दमलेल्या माणसाकडून असं होतंच," असं म्हणून मी तो पुसून टाकणार नाही. ज्या बाईला उजवा हात उचलता येत नाही आणि 'दुखलं' हा शब्दही धड उच्चारता येत नाही, तिला झालेली ती इजा आहे. हेच वॉर्डात एखाद्या ब्रदरकडून (पुरुष नर्सकडून) झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा दोन गोष्टी याच आठवड्यात करा. सासूबाईंजवळ बसा, तो हात हातात घ्या आणि स्पष्ट शब्दांत माफी मागा. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नसतं, हे तुम्ही नातेवाइकांना शंभरदा सांगितलं असेल. आणि नवऱ्याला खरं सांगा. कठड्याच्या त्या खोट्याने तुमचं रक्षण झालं नाही, उलट घरात तुम्हीच एकट्या पडलात. त्यांना वाटतंय, सगळं ठीक चाललंय.

रात्रीसाठी एक नियम ठरवून टाका. राग हातापर्यंत उतरतोय असं वाटलं की कठडा वर करायचा, सासूबाई कुशीवर नीट आहेत ना ते पाहायचं आणि खोलीबाहेर यायचं. नवऱ्याला उठवायचं. ओल्या चादरीवर दहा मिनिटं गेली तर काही बिघडत नाही. हिसकलेल्या हाताने बिघडतं. हा नियम पाळूनही पुन्हा हात उठला, किंवा उठेल अशी भीती वाटली, तर बाकी सगळा विचार बाजूला ठेवून त्यांची रात्रीची जबाबदारी त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्यायची. इथे थोडं थांबून बघू, असं करू नका.

आता 'मुद्दाम' या शब्दाकडे येते. नर्सबाईंना मी काय शिकवणार? पण तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या सुनेने तुम्हाला येऊन सांगितलं, "सिस्टर, झटका आल्यापासून आमच्या सासूबाई मुद्दाम ओलं करतात आणि वर हसतात," तर तुम्ही काय म्हणाल? तुम्ही तिला खुर्चीवर बसवाल आणि सांगाल, की झटक्यानंतर लघवीवरचा ताबा जातो, लघवीत जंतुसंसर्ग आहे का ते तपासून घ्या, आणि मेंदूला इजा झाली की काही जणांचं हसू-रडूही ताब्यात राहत नाही. भलत्या वेळी हसू फुटतं, त्याचा आनंदाशी संबंध नसतो. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण उंबरठा ओलांडला की अंगावरून नर्स उतरते आणि दुखावलेली सून उभी राहते. सुनेला त्या हसण्यात जुनं हसू दिसतं. ते स्वाभाविकच आहे. पण यूरिनची तपासणी करून घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टना हसण्याबद्दल विचारा. रात्री अडीच वाजता मनात घुमणारा आरोप थोडा सैल झाला, तर तुमच्या हाताला ते लगेच कळेल. आणि समजा, थोडंफार मुद्दाम असेलही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे स्वतःचं म्हणून दुसरं काय उरलेलं असतं?

दयाळू मन मागते आणि मिळत नाही, असं तुम्ही लिहिता. यामागे एक समजूत आहे, ती जरा तपासून पाहू. आधी मनात दया दाटून यायला हवी, मग ती हातांतून वाहील, आणि मनात नसताना हाताने केलं तर ते ढोंग, अशी ती समजूत. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हे सर्रास बोललं जातं. शास्त्रात मला ते तसं सापडत नाही.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत 'कळवळा आला' असं आपण वाचतो, तिथे मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांसाठी असलेल्या शब्दावरून आलेलं आहे. आपल्याकडे आतडं तुटतं, पोटात कालवतं म्हणतात, अगदी तसंच. जुन्या करारातल्या हिब्रूत करुणेसाठी जो शब्द येतो, त्याचं नातं तर गर्भाशयाच्या शब्दाशी आहे. अशी पोटातून येणारी गोष्ट हुकुमावर येत नसते. शिंक हुकुमावर येत नाही, तसंच हे. चार शुभवर्तमानांत ते क्रियापद बारा वेळा येतं आणि एकदाही आज्ञेच्या रूपात येत नाही. 'तुम्हाला कळवळा आलाच पाहिजे,' असं येशू कुठेच म्हणत नाही. त्या जागा एकदा ओळीने वाचून पाहा. नाईन गावची विधवा एकुलत्या मुलाच्या तिरडीमागून चाललेली त्याने पाहिली, मग कळवळा आला. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा लोकसमुदाय पाहिला, मग कळवळा आला. येशूच्या दाखल्यांतही तेच: परत येणाऱ्या उधळ्या मुलाला बापाने दुरून पाहिलं, लुटारूंनी अर्धमेला टाकलेला माणूस एका शोमरोन्याने, म्हणजे यहुद्यांना परक्या असलेल्या जमातीतल्या माणसाने, रस्त्याकडेला पाहिला, मग कळवळा आला. आणि त्यानंतर लगेच हात काहीतरी करतात. तिरडीला लागतात, गळ्यात पडतात, जखमेवर तेल ओततात.

म्हणजे आपल्या ताब्यातल्या गोष्टी दोन: पाहणं आणि करणं. मधलं आलं तर आलं. पाहूनही पलीकडच्या कडेने निघून जाणारे याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे पुजारी आणि सेवक, शोमरोन्याच्याच दाखल्यात आहेत. त्यांच्या मनात काय आलं, हे येशूने सांगितलेलंच नाही. ते थांबले नाहीत, एवढंच सांगितलंय.

तुम्ही ऐकलेल्या कलस्सैकरांस पत्रातल्या वचनात प्रेषित पौलाने आज्ञा दिली आहे हे खरं, पण तिथलं क्रियापद अंगावर कपडे चढवण्याचं आहे. म्हणून तर आपल्या भाषांतरात 'धारण करा' आलंय. ताई, तुम्ही सकाळी युनिफॉर्म चढवता तेव्हा आज सेवाभाव आलाय की नाही, हे तपासून चढवता का? चढवता, पिना लावता आणि हँडओव्हर घ्यायला जाता. संध्याकाळपर्यंत कुठल्यातरी एका बेडजवळ काहीतरी आतून हलतं, कधी हलतही नाही. सलाइन मात्र वेळेवर बदललेलं असतं. त्याच वचनात आणखी एक गोष्ट आहे, जी संदेशात बहुतेक वेळा निसटते. 'धारण करा' म्हणण्याआधी पौल वाचणाऱ्यांना 'देवाचे निवडलेले, पवित्र आणि प्रिय' म्हणतो. आधी 'प्रिय', मग कपडे. करुणा धारण केलीत तर प्रिय व्हाल, असा सौदा तिथे नाही.

याकोबाच्या पत्रात एक टोमणा आहे. उघड्या, उपाशी भावाला कोणी म्हणतो, "सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव," आणि हातावर काहीच ठेवत नाही. त्याच्याकडे शब्द ऊबदार होते आणि हात रिकामा होता. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. तोंडात गोड शब्द उरलेला नाही, पण अडीच वर्षं दर दोन तासांनी कूस बदलली गेली आहे आणि पाठीवर एकही जखम नाही. याला काय म्हणायचं, हे याकोबाला विचारलं असतं तर त्याने फार वेळ घेतला नसता. राहिला ढोंगाचा प्रश्न. येशू ज्यांना ढोंगी म्हणतो ते लोकांनी पाहावं म्हणून दानधर्म करतात. रात्री अडीच वाजता तुमच्याकडे कोण पाहत होतं?

आता सगळ्यात अवघड जागा. 'ज्या बाईने मला असं वागवलं तिच्यावर दया कशी करू?' हा प्रश्न तुम्ही सरळ विचारलेला नाही, पण दुसऱ्या मुलीचं वय न विसरता लिहिलं आहे.

तुम्ही योसेफ वाचावा असं मला वाटतं. शब्बाथ शाळेतला रंगीत झग्याचा नाही, उत्पत्तीच्या ४२व्या अध्यायापासून पुढचा, मिसरात अधिकारी झालेला. भावांनी विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. तिशीत फारोपुढे उभा राहिला, नंतर सुकाळाची सात वर्षं गेली आणि दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत त्याने भावांना ओळख दिली. हिशेब केलात तर साधारण २२ वर्षं होतात. तुमच्या धाकटीच्या वयाइतकी. भाऊ धान्य मागायला समोर आले तेव्हा तो त्यांच्या गळ्यात पडला नाही. कठोरपणे बोलला, तीन दिवस अटकेत ठेवलं. आणि त्याच वेळी त्यांच्या गोण्या भरायला सांगितल्या, वाटेची शिदोरी दिली, त्यांनी दिलेला पैसा गुपचूप परत गोण्यांत ठेवला. मन कडू होतं, धान्य मात्र पुरेपूर मोजलं होतं. पुढच्या अध्यायात धाकट्या बन्यामिनाला पाहून त्याची आतडी तुटली. तिथे तोच गर्भाशयाशी नातं असलेला हिब्रू शब्द आहे. तो घाईने आतल्या खोलीत गेला, रडला, तोंड धुतलं, स्वतःला आवरलं, बाहेर आला आणि म्हणाला, जेवण वाढा.

तोंड धुऊन बाहेर येणारा हा माणूस मला शास्त्रातल्या कितीतरी शूरवीरांपेक्षा जवळचा वाटतो. आणि हे सगळं मिटल्यावर, बाप गेल्यावर, भाऊ पाया पडायला आले तेव्हाही तो 'काही झालंच नव्हतं' म्हणत नाही. "तुम्ही माझं वाईट योजलं होतं," असं त्यांना तोंडावर सांगतो, मग देवाने त्यातून भलं केलं म्हणतो, आणि त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचं वचन देतो. वाईटाला वाईट म्हणणं आणि पोसणं, दोन्ही एका दमात. म्हणून दवाखान्यातली ती रात्र विसरायचा प्रयत्न करू नका. विसरल्याशिवाय दया करता येत नाही, ही अट शास्त्राने घातलेली नाही. घरातल्यांनीच घातली असेल, कारण त्यांना ते सोयीचं असतं.

तसाच सोयीचा एक शब्द तुमच्या नवऱ्याने वापरलाय: वधस्तंभ. मला त्यांचा राग नाही, ते घाबरलेले असतील. पण येशूचे शब्द नीट ऐका. ज्याला माझ्यामागे यायचंय त्याने दररोज आपला वधस्तंभ उचलावा, असं तो म्हणतो. आपला, आपण, उचलायचा. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून त्याला धीर द्यायचा नाही. आणि खुद्द येशूचा वधस्तंभही काही अंतर कुरेनेकर शिमोनाला वाहायला लावला होता, हे आपण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दरवर्षी वाचतो. सासूबाईंनी जन्म दिलेले दोन मुलगे आहेत. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूशांवर, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर, चिडतो तो याच मुद्द्यावर: आईबापांना द्यायचं ते 'कर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर करून तुम्ही त्यांच्यासाठी काही करायचंच टाळता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मुलांनी आणि नातवंडांनी आधी आपल्या घरच्यांचं पाहावं असं स्पष्ट आहे. सरकारी कागदही तेच सांगतो. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा काढून पाहा. त्यात 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. सुनेने करू नये असा याचा अर्थ नाही. पण सुनेने केलेलं हे तिने वरचं दिलेलं आहे, आणि तसं ते घरात बोललं गेलं पाहिजे.

महिला मंडळात कोणी विचारलंच, तर गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय दाखवा. दुसऱ्या वचनात 'एकमेकांची ओझी वाहा' आणि पाचव्यात 'प्रत्येकाने आपापला भार वाहावा'. पौलाला विसर पडला नव्हता. मूळ भाषेत ते दोन शब्द वेगळे आहेत. एकट्याला न पेलणारं ओझं वाटून घ्यायचं, आणि ज्याची त्याची पडशी ज्याने त्याने न्यायची. अंथरुणावरचं माणूस हे ओझं आहे. दिरांची नाताळची साडी ही पडशीसुद्धा नाही.

मग कुठेतरी ठेवणं पाप आहे का? यासाठी पुन्हा शोमरोन्याकडे जाऊ. यरुशलेमहून यरीहोला जाणारा तो रस्ता २५-२७ किलोमीटरचा, हजारभर मीटर खाली उतरणारा, ओसाड डोंगरांतून. तो माणूस थांबला. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. हे वाक्य आपण पटकन ओलांडतो. दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या मालकाला दिली, "याला सांभाळ, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन," असं सांगितलं आणि आपल्या कामाला गेला. आपली वाट सोडून आयुष्यभर उतारशाळेत बसला नाही. येशूने त्यालाच शेजारी ठरवलं. त्याच्या दयेत पैसा होता, दुसऱ्या माणसाचे हात होते आणि परत येण्याचा शब्द होता. आणि वधस्तंभावर असताना येशूने स्वतःच्या आईची काय व्यवस्था केली? "पाहा, ही तुझी आई," असं म्हणून ती एका शिष्याच्या हवाली केली. त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. आईची सोय दुसऱ्याकडे लावणं म्हणजे आईला टाकणं, असं त्याला तरी वाटलं नाही.

माझं मत विचारलंत तर लगेच वृद्धाश्रमाकडे जाऊ नका, पण तो पर्याय पापाच्या यादीतून काढून टाका. पहिली पायरी म्हणून रात्रीसाठी पगारी बाई ठेवा. दिवसा तुमचं जमतंय, मोडतंय ते रात्री. खर्च दोन्ही भावांनी निम्मा निम्मा करायचा. आकडा कागदावर मांडा: बाईचा पगार, डायपर, औषधं, फिजिओथेरपी. आणि तो कागद दिरांपुढे तुमच्या नवऱ्याने ठेवायचा, तुम्ही नाही. सुनेने पैसे मागितले की त्याचं भांडण होतं. सासूबाईंना दोन-दोन महिने फिरवण्याचा तोडगा कोणीतरी काढेलच. मला तो फारसा पसंत नाही. अंथरुणावरच्या माणसाला दर वेळी नवं छत, नवे आवाज, नवे हात सोसावे लागतात. त्यापेक्षा दिरांनी आणि जावेने महिन्यातून दोन शनिवार-रविवार इथे येऊन राहावं आणि तुम्ही त्या दोन दिवसांत घराबाहेर पडावं. बेडपॅन त्यांनाही लावता येतो. शिकवायला घरात नर्स आहेच.

हे जमलं नाही, किंवा तुमची तब्येत ढासळली, तर निवासी सोय बघा. आधी न कळवता, दुपारी तीनच्या सुमाराला जा. सतरंजी, देवाची वचनं लावलेल्या भिंती, तुळशीवृंदावन किंवा क्रूस, हे काही बघू नका. तिथल्या दोन आजींच्या टाचा आणि माकडहाडाची जागा बघायला मागा, बेडसोर आहेत का ते कळेल. रात्री किती पेशंटमागे किती माणसं असतात ते विचारा. भेटीच्या वेळा फार काटेकोर असतील तर तिथून निघा. आणि ठेवायचं ठरलंच तर आठवड्यातले कोणते वार कोण जाणार ते आधी लिहून काढा. शोमरोन्याने परत येण्याचा शब्द दिला होता.

वॉर्डातही काही वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही मला दगडी मनाची खूण वाटत नाही, अडीच वर्षं न झोपलेल्या माणसाची वाटते. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली आडवा होऊन "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. मग परत उठवलं, परत खायला दिलं आणि म्हणाला, वाट लांबची आहे. तुमची प्रार्थनाही काही दिवस एवढीच असू द्या. गुडघे टेकून स्वतःला कोर्टात उभं करणं थांबवा. राग आला असेल तर रागच सांगा, स्तोत्रकर्ते आयुष्यभर तेच करत आले. आणि चार-सहा आठवडे नीट झोप मिळूनही असंच सुन्न वाटत राहिलं, रडू येत राहिलं किंवा काहीच नको वाटायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्यांना तुम्ही हेच सांगता.

माझंही एक सांगते. वडिलांना विस्मरणाचा आजार झाला तेव्हा शेवटची तीन वर्षं ते माझ्याकडे होते. एका दुपारी त्यांनी अकराव्यांदा "जेवण झालं का?" विचारलं आणि मी गच्चीवर जाऊन बसले, खाली ते हाका मारत असताना. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांची लाज मला बरीच वर्षं होती. आता वाटतं, गच्ची होती म्हणून बरं झालं.

शेवटी, तुमच्या पत्रातल्या त्या चहाबद्दल. वॉर्डातल्या मावशींचा चहा ही तुमच्या अख्ख्या पत्रातली एकच ऊबदार ओळ आहे, आणि ती तुम्ही सासूबाईंच्या विरोधातला पुरावा म्हणून लिहिली आहे. निर्गमच्या २३व्या अध्यायात इस्राएलांना सांगितलंय, परक्यावर जुलूम करू नका, कारण परक्याचं मन कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही मिसरात परके होता. स्वतःची पडती वेळ आठवा आणि तिथून समोरच्याकडे बघा, असं शास्त्र म्हणतंय. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी ते करून दाखवलं. तरुणपणी त्यांनी दुष्काळात आईवडील गमावले होते, भूक अंगावर काढली होती. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती जोगिणी (नन) मायेने सेवा करताना पाहून त्या चकित झाल्या आणि त्यांनी विचारलं, हे तुम्ही का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री वाचून दाखवली गेली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. त्या मुलींकडे बघताना त्यांना स्वतःची भूक आठवत असणार.

आज उशाशी कोणी नसलेली बाई सासूबाई आहे. हे वाचून तुम्हाला रागच आला, तर तेही चालेल. तसं मला कळवा.

या आठवड्यापुरतं एवढं करा. माफी मागून झाली की, नवऱ्याशी बोलून झालं की, एका संध्याकाळी डायपर, औषध, कूस यांतलं कुठलंच काम हातात न घेता दहा मिनिटं त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. बोलायचं काही नसेल तर बोलू नका. नुसतं बघा. त्या गिळताना ठसकत नसतील तर चहा करा, त्यांच्यासाठी घट्टसर, चमच्याने पाजता येईल असा, आणि एक कप तुमच्यासाठी. तुमचा गरम असतानाच प्या.